कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा फोटो कसा पारखायचा: नवा किंवा जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी

कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो "किती मेगापिक्सेल?" आणि दुसरा "झूम किती?" दुकानदार दोन्ही आकडे तोंडपाठ सांगतो. पण फोटो कसा येणार, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. ते कळायला फोटोच काढून बघावे लागतात, आणि तेही जरा पद्धतशीर.

मी ही तपासणी नव्या कॅमेऱ्यांची केली आहे, जुन्यांची केली आहे, नातेवाइकांसाठी दुकानात उभं राहूनही केली आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. फोटो बिघडतो तो चार ठिकाणी: लेन्समध्ये, सेन्सरवर (लेन्समागच्या, प्रकाश टिपणाऱ्या चिपवर), कॅमेऱ्याच्या आतल्या प्रोसेसिंगमध्ये किंवा आपल्या हातात. नवा माणूस चारही एकत्र पाहतो आणि "क्लिअर येत नाही" एवढंच म्हणतो. मग चांगला कॅमेरा परत जातो, नाहीतर खराब लेन्सचा घरात राहतो. ज्याचं माप त्याच्या पदरात घालता आलं पाहिजे. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

जवळ काय हवं:

- स्वतःचं मेमरी कार्ड. जुन्या कॅमेऱ्यासाठी २ जीबीचं साधं एसडी कार्डही ठेवा. एसडीएचसी कार्डं २००६ मध्ये आली, त्याआधीचे कॅमेरे ती वाचत नाहीत. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी किंवा मेमरी स्टिक लागते, ते आधी विचारून घ्या.
- छोटा ट्रायपॉड. नसेल तर टेबल आणि चार जाड पुस्तकं.
- वर्तमानपत्राची मोठी पानं आणि चिकटपट्टी
- हातात मावेल एवढा सपाट आरसा
- टॉर्च
- लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. मोबाइलच्या पडद्यावर ही तपासणी होत नाही.
- बिल, वॉरंटी कार्ड आणि खोकं. तिन्हींवरचा सीरियल नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबरशी जुळवून पाहा.

कॅमेरा ऑनलाइन घेतला असेल तर परत घ्यायची मुदत किती आणि पैसे परत मिळतात की फक्त बदलून मिळतो, हे ऑर्डर देण्याआधी वाचा. सगळी तपासणी एका शनिवार-रविवारात उरकते, पण ती मुदतीच्या आत व्हायला हवी.

१. खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

सगळ्यात महत्त्वाचा आकडा सेन्सरच्या आकाराचा, आणि खोक्यावर तोच सर्वात बारीक छापलेला असतो. स्वस्त आणि मोठ्या झूमच्या बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये १/२.३ इंची सेन्सर असतो. तो साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. '१ इंची' म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे इंचभर लांब नसतो, पण क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर भरतं. पहिल्याच्या चौपट. २०१२ मध्ये सोनीने आरएक्स१०० याच सेन्सरवर काढला आणि खिशातल्या कॅमेऱ्याची पातळी बदलली. कॅननचा जी७ एक्सही त्याच वर्गातला. रिको जीआर ३ किंवा फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेत एपीएस-सी सेन्सर आहे, तो याच्याही तिप्पट मोठा. मात्र या दोन्हींत झूम नाही.

मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो, आणि संध्याकाळच्या फोटोचा सगळा खेळ त्यावर आहे. तेवढ्याच जागेत मेगापिक्सेल वाढवून काही साधत नाही, हे कंपन्यांनीही मान्य केलेलं आहे. कॅननचा जी१० हा २००८ मध्ये १४.७ मेगापिक्सेलचा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या जी११ मध्ये त्यांनी मेगापिक्सेल १० वर आणले, कमी उजेडातला फोटो सुधारावा म्हणून.

दुसरा आकडा लेन्सच्या तोंडावर असतो: एफ १.८–४.९ असं काहीतरी. तो लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अॅपर्चरचा. आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. दुकानात यातला पहिला अर्धाच वाचून दाखवतात. एफ १.८ फक्त झूम न करता मिळतं. झूम पूर्ण ताणला की लेन्स एफ ४.९ वर येते आणि प्रकाश जवळपास सातव्या हिश्शावर उतरतो. तुम्ही स्टेजवरच्या मुलांचे फोटो मागून बसून काढणार असाल, तर तुमच्या कामाचा आकडा दुसरा.

'डिजिटल झूम' हा आकडा सरळ सोडून द्या. ते फोटो कापून मोठं करणं आहे, घरी कॉम्प्युटरवरही होतं.

२. चाचणीआधीची सेटिंग्ज

मेन्यूत जाऊन कॅमेरा आधी रीसेट करा, विशेषतः दुकानातला डेमो पीस किंवा कोणीतरी वापरलेला असेल तर. मग फोटोचा आकार सर्वात मोठा, क्वालिटी फाइन, डिजिटल झूम बंद, त्वचा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड बंद, रंग स्टँडर्ड. रॉ फाइलची सोय असेल तर रॉ आणि जेपीईजी दोन्ही एकदम घ्या. रॉ म्हणजे सेन्सरने दिलेला कच्चा माल, जेपीईजी म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः शिजवून दिलेलं ताट. दोन्ही हाताशी असली की दोष सेन्सरचा की प्रोसेसिंगचा, हे लगेच वेगळं करता येतं.

तारीख आणि वेळही लावा. नंतर फाइल शोधताना त्याचाच आधार असतो.

३. फोटो बघायचा कुठे आणि किती मोठा

कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावर जवळजवळ सगळे फोटो छान दिसतात. तिथे निकाल द्यायचा नाही. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून तर मुळीच नाही, कारण तिथे फोटो लहान आणि दाबून पाठवला जातो. विकणारा लांब राहत असेल तर त्याला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल मिळते.

लॅपटॉपवर दोनदा बघा. आधी १०० टक्के मोठा करून. २० मेगापिक्सेलचा फोटो ५४७२ × ३६४८ पिक्सेलचा असतो, आणि साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० पिक्सेल मावतात. म्हणजे तुम्हाला फोटोचा एक तुकडाच दिसतोय. साध्या डेस्कटॉप मॉनिटरवर सबंध फोटो याच मापाने दिसायचा तर पडदा जवळपास पाच फूट रुंद लागेल. इतक्या जवळून कुठलाही फोटो थोडा खरखरीत दिसणारच, त्याने घाबरून जाऊ नका. १०० टक्क्यांवर फक्त दोष शोधायचा.

निकाल द्यायचा तो सबंध फोटो पडद्यावर मावेल असा ठेवून, किंवा छापून. ८ × १२ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ८६ लाख पिक्सेल पुरतात, १२ × १८ ला साधारण १ कोटी ९४ लाख. घरातल्या भिंतीवर याहून मोठं कितीजण लावतात? लॅबमधून एक ८ × १२ ची प्रिंट काढून आणा आणि हातात धरून बघा. थोड्या पैशांत होणारी ही चाचणी मला फार मोलाची वाटते, आणि हीच सगळे टाळतात.

४. लेन्सची भिंतीवरची चाचणी

हिला वेळ द्या. सेन्सर कारखान्यातून बहुतेक सारखे निघतात, लेन्स मात्र एकाच मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांत वेगळी निघू शकते. कॉम्पॅक्टची लेन्स आत-बाहेर सरकणाऱ्या नळकांड्यांत बसवलेली असते, आणि त्यातलं एखादं भिंग केसभर तिरकं बसलं तरी फोटोची एक बाजू कायमची मऊ येते.

सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पानं शेजारी शेजारी ताणून चिकटवा, फ्रेम पूर्ण भरेल इतकी. छोट्या जाहिरातींची पानं उत्तम: सगळीकडे सारखाच बारीक मजकूर, त्यामुळे कोपरा आणि मध्य यांची तुलना नेमकी होते. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पानांच्या बरोबर मध्यासमोर.

आता भिंत आणि कॅमेरा समांतर आहेत का, हे आरशाने ठरवा. आरसा पानांच्या मध्यावर भिंतीला टेकवून सपाट धरायला कोणाला तरी सांगा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं पाहिजे. डावीकडे सरकलेलं असेल तर कॅमेरा तिरका आहे, तो थोडा थोडा फिरवत प्रतिबिंब मध्यावर आणा. हे केलं नाही तर तुमच्या ट्रायपॉडचा तिरकेपणा लेन्सच्या नावावर जातो.

आरसा काढा. आयएसओ (प्रकाश किती वाढवून घ्यायचा, ती सेटिंग) १०० किंवा कॅमेऱ्यात असेल तो सर्वात कमी, दोन सेकंदांचा टायमर (बटण दाबताना बसणारा धक्का टळतो), स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद. झूम न करता, अर्धा झूम आणि पूर्ण झूम, अशा तीन ठिकाणी फोटो काढा. झूम वाढेल तसं मागे सरका, आणि दर वेळी आरसा पुन्हा लावून बघा. प्रत्येक ठिकाणी अॅपर्चर आधी पूर्ण उघडं, मग एफ ४ किंवा एफ ५.६. जिथे अॅपर्चर हाताने बदलता येत नाही तिथे जे मिळेल ते. प्रत्येक फोटो तीनदा काढून त्यातला सर्वात चांगला धरा, कारण ऑटोफोकस कधीकधी चुकतो.

आता लॅपटॉपवर चारही कोपरे पाहा.

चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ, पण एकमेकांसारखे असतील तर लेन्स निकोप आहे. छोट्या लेन्सचा तो स्वभाव आहे, आणि अॅपर्चर थोडं बंद केलं की बराच सुधारतो. एकच कोपरा किंवा एकच बाजू विरघळल्यासारखी दिसत असेल तर संशय घ्या. खात्रीसाठी कॅमेरा उलटा करून, म्हणजे बटण खाली येईल असा धरून, तोच फोटो काढा. काही कॅमेरे असा फोटो आपोआप सरळ फिरवून दाखवतात, म्हणून जागा मजकुरावरून ओळखा. आधी मऊ आलेल्या जाहिराती आता स्पष्ट आल्या आणि समोरच्या कोपऱ्यातल्या बिघडल्या, तर दोष लेन्सचा. त्याच जाहिराती पुन्हा मऊ आल्या, तर भिंत किंवा मांडणी चुकली आहे.

अॅपर्चर जास्त बंद करून काही मिळत नाही. छोट्या सेन्सरवर एफ ८ ला प्रकाश इतक्या अरुंद वाटेने येतो की तो स्वतःच पसरतो आणि सगळा फोटो मऊ होतो. त्यात बिघाड काही नाही.

बाहेर जाऊन आणखी एक फोटो घ्या: उजळ आभाळासमोर झाडाच्या बारीक फांद्या किंवा विजेच्या तारा. कडेला जांभळी किंवा हिरवी किनार दिसते का पाहा. जेपीईजीत कॅमेरा ती बरीचशी पुसतो. तरीही ठळक राहिली असेल तर ती प्रिंटमध्येही दिसणार.

५. आयएसओची टेबलावरची चाचणी

संध्याकाळी, घरातला नेहमीचा दिवा लावून. टेबलावर खरखरीत टॉवेल किंवा घोंगडी, वाटीत रवा, रंगीत दोऱ्यांची दोन-तीन रिळं, काळ्या कापडाचा तुकडा आणि बारीक मजकूर असलेलं औषधाचं खोकं मांडा. कॅमेरा ट्रायपॉडवर, टायमर चालू. आयएसओ १०० पासून सुरुवात करून २००, ४००, ८००, १६००, ३२०० असे फोटो काढत जा. बाकी काहीही हलवू नका.

काळ्या कापडावर आधी नॉइज दिसेल. तो दोन तऱ्हेचा असतो. बारीक दाणे दिसत असतील तर ते प्रिंटमध्ये फारसे जाणवत नाहीत. जांभळे-हिरवे डाग दिसत असतील तर ते डोळ्यांना टोचतात, आणि माणसाच्या चेहऱ्यावर तर फारच.

मग रव्याकडे बघा. ही वाटी मी मुद्दाम ठेवते. कमी आयएसओला कण न कण सुटा दिसतो. आयएसओ चढत जातं तसा एका टप्प्यावर कॅमेरा दाणे पुसायच्या नादात रव्याचे कणही पुसून टाकतो, आणि वाटीत रव्याऐवजी खीर असल्यासारखा गुळगुळीत थर दिसतो. टॉवेलचे धागे आणि रिळावरचे पीळ त्याच सुमाराला जातात. पुढे डोक्यावरचे केस, साडीचा पोत, गवत हे सगळं असंच जाणार आहे. तो टप्पा वहीत लिहून ठेवा. तुमच्या कॅमेऱ्याची खरी मर्यादा तीच, मेन्यूत आयएसओ १२८०० लिहिलेलं असलं तरी.

रॉ फाइल असेल तर त्याच आयएसओची रॉ उघडून बघा. त्यात रवा शाबूत असेल तर सेन्सर चांगला आहे आणि दोष प्रोसेसिंगचा. मेन्यूतलं नॉइज रिडक्शन 'लो' केलं की जेपीईजीही सुधारेल.

ढोबळ अपेक्षा सांगते. १/२.३ इंची सेन्सरवर आयएसओ ४०० नंतर पोत जायला लागतो. १ इंचीवर १६०० पर्यंत बरंच टिकतं. घरात, रात्री, झूम न करता काढलेल्या फोटोत आजचा चांगला फोन १/२.३ इंची कॅमेऱ्याला मागे टाकू शकतो, कारण फोन एकामागोमाग अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो. अशा कॅमेऱ्याची ताकद दिवसाच्या उजेडातल्या ऑप्टिकल झूममध्ये आहे. तुमचे बहुतेक फोटो दिवाणखान्यातले असतील तर हा हिशोब खरेदीआधीच करा.

६. ऊन, पांढरं धोतर आणि झेंडू

भर उन्हात पांढरा सदरा किंवा टोपी घातलेल्या, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याच्या माणसाचा फोटो काढा. वारीत किंवा शेतात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हे रोज लागतं. सदऱ्याच्या घड्या दिसतात का? टोपीच्या सावलीतले डोळे दिसतात का? छोट्या सेन्सरला दोन्ही एकदम धरता येत नाहीत. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) उणे ०.७ वर नेऊन दुसरा फोटो घ्या आणि कॉम्प्युटरवर सावली उजळून बघा. सावली उजळताना डाग न उठता चेहरा वर आला तर सेन्सर दमदार. पांढऱ्यातलं जे एकदा जळून सपाट झालं ते मात्र परत येत नाही.

रंगांसाठी झेंडूच्या फुलांइतकी कठीण परीक्षा नाही. उन्हातल्या केशरी झेंडूत लाल रंगाचा भाग सेन्सरवर आधी भरून वाहतो, आणि पाकळ्यांचे थर जाऊन नुसता केशरी गोळा उरतो. तसं झालं तर एक्स्पोजर कमी करून आणि रंगांचा मोड 'व्हिव्हिड'वरून 'स्टँडर्ड'वर आणून पुन्हा बघा. तरीही गोळाच राहिला तर लग्न, हळद, दसरा यांत हा कॅमेरा तुम्हाला त्रास देणार.

घरात व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग सावरणारी सेटिंग) ऑटोवर ठेवून पांढरा एलईडी आणि पिवळा बल्ब या दोन्हींत घरच्यांचे चेहरे काढा. गोरा, सावळा, वयस्क, लहान, जितके मिळतील तितके. पिवळ्या बल्बखाली थोडी ऊब राहिली तर चालते. चेहरा हिरवट किंवा राखाडी आला तर नाही.

काही दिव्यांखाली फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला आणि सायलेंट शटर बंद केलं की पट्टे बहुधा जातात. गेले तर कॅमेऱ्यात बिघाड नाही.

७. हात आणि फोकस

आता कॅमेरा हातात. स्टॅबिलायझेशन चालू, झूम न करता, शटर स्पीड १/१५. एकच दृश्य पाच वेळा. मग पूर्ण झूमवर, २०० मिलिमीटर असेल तर १/५० ला पाच वेळा. पाचांतले तीन तरी धारदार यायला हवेत. भिंतीच्या चाचणीत लेन्स पास झाली आणि इथे सगळंच हललं, तर कोपर अंगाला टेकवून, श्वास रोखून पुन्हा काढा.

हलल्याचा आणि फोकस चुकल्याचा फरक ओळखायला शिका. हललेल्या फोटोत दिव्याचा ठिपका एका दिशेला ओढलेला दिसतो आणि सगळं चित्र सारखंच खराब असतं. फोकस चुकलेला असेल तर काहीतरी, मागची भिंत किंवा पुढचा हात, नक्की धारदार सापडतं.

८. जुना कॅमेरा घेताना जादा तपासणी

जुन्या सीसीडी (जुन्या तऱ्हेचा सेन्सर) कॉम्पॅक्टना सध्या पुन्हा मागणी आली आहे. घ्यायला हरकत नाही, पण एवढं बघाच:

- लेन्समध्ये तिरका टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास सापडते. असा कॅमेरा घेऊ नका. एखाददुसरा धुळीचा कण चालतो.
- पांढरी भिंत किंवा आभाळ पूर्ण झूमवर आणि अॅपर्चर शक्य तितकं बंद करून काढा. दर फोटोत त्याच जागी करडा ठिपका आला तर सेन्सरवर धूळ आहे. सरकत्या लेन्सच्या कॉम्पॅक्टमध्ये ती आत शिरते आणि काढायला कॅमेरा उघडावा लागतो.
- लेन्सवर काळं कापड घट्ट धरून काही सेकंदांचा फोटो घ्या. त्याच त्या जागी चमकणारे रंगीत ठिपके म्हणजे खराब पिक्सेल.
- फोटो जांभळा, लाटांसारखा वाकडा किंवा पूर्ण काळा येत असेल तर सेन्सर गेला. २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या काही सीसीडींमध्ये उष्ण-दमट हवेत आतल्या जोडण्या सुटत. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी ते फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं होतं, आज तशी दुरुस्ती मिळणं कठीण.
- पडद्यावर दिव्यातून उभी पांढरी रेघ दिसली तर घाबरू नका. सीसीडीत ती प्रीव्ह्यू आणि व्हिडिओत येते. फोटोत नसेल तर ठीक.

"बॅटरी उतरली आहे, घरी जाऊन बघा" असं विकणारा म्हणाला तर व्यवहार पुढे ढकला.

९. दोष सापडला तर

दुकानात जाऊन "फोटो नीट येत नाही" म्हणू नका, त्यावर उत्तर तयार असतं. भिंतीचे दोन फोटो दाखवा, सरळ आणि उलट्या कॅमेऱ्याचे, खराब कोपऱ्याभोवती लाल चौकोन काढून. सोबत मूळ फाइली असाव्यात. कोणता कॅमेरा, कोणता आयएसओ, कोणतं अॅपर्चर, हे त्यांच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलच्या आतल्या माहितीत, नोंदलेलं असतं. ऑनलाइन तक्रारीतही हेच जोडा आणि बिलावरचा सीरियल नंबर लिहा.

बदलून आलेल्या कॅमेऱ्यावर भिंतीची चाचणी पुन्हा करा. बाकीच्या चाचण्यांची गरज नाही, सेन्सर आणि प्रोसेसिंग तेच असतं. भिंतीवरची पानं तोवर काढू नका.